परालीआवरचा लाल दिवा

ग्रीसमधल्या वोलोसहून पिलिओनच्या डोंगरात चढणारी सकाळची बस स्तामातिस चालवतो. रस्ता असा की नवख्या पाहुण्याच्या पोटातली कॉफी पहिल्या वळणांतच गळ्याशी येते. गावच्या म्हाताऱ्या मात्र त्याच्या गाडीत निवांत विणकाम काढून बसतात. "गाडी चालवायला शिकलास कुठं रे?" असं कुणी विचारलंच तर तो म्हणतो, "परालीआवर." विचारणाऱ्याला वाटतं, बंदरासमोरच्या रस्त्यावर, कारण गावात त्या रस्त्यालाच परालीआ म्हणतात. स्तामातिस त्याचा गैरसमज दूर करत नाही. चाळिशी उलटलेल्या, पोट सुटलेल्या, युनियनच्या मीटिंगला न चुकता जाणाऱ्या माणसानं काय सांगायचं, की मी कॉम्प्युटरवरच्या एका रेसच्या गेमवर जीव ओवाळून टाकला होता?

त्या गेमचं खरं नाव इंग्रजी होतं आणि इतकं लांबलचक की ते कुणाच्या जिभेवर बसलंच नाही. पडद्यावर समुद्रकाठचं कुठलंसं शहर दिसायचं. ताडाची झाडं, धक्का, मासळीबाजार, टोकाला दीपस्तंभ. म्हणून पोरांनी त्याचं बारसं केलं, परालीआ. चार गाड्या एका रेषेवरून सुटायच्या, मध्ये शहरातली रोजची रहदारी असायची, आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात आकडे उलटे पळायचे. आकडे शून्यावर यायच्या आत टप्पा गाठला तर पुढचा वेळ मिळायचा. नाही गाठला तर पडदाभर लाल अक्षरं उमटायची, 'गेम ओव्हर'. हे दोन शब्द मात्र इंग्रजीचा गंध नसलेल्या म्हाताऱ्यालाही कळायचे.

स्तामातिस तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तांत्रिक शाळा कशीबशी संपवलेली, सक्तीच्या सैन्यसेवेचं बोलावणं अजून आलेलं नाही, मधल्या काळात करायचं काय हा प्रश्न. घरातलं शेंडेफळ. आमच्याकडे 'थांब' म्हणायला जो शब्द आहे त्यातूनच त्याचं नाव आलंय. पाच पोरांनंतर देवाला 'आता पुरे' असं सांगायचं असलं की हे नाव ठेवतात. परालीआवर मात्र या पठ्ठ्याला थांबणं ठाऊक नव्हतं. "हा थांबतो तो फक्त बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर," असं त्याचा दोस्त कोस्मास म्हणायचा. मासळीबाजाराच्या वळणावर गाडीची मागची चाकं रुसल्यासारखी बाजूला सरकायची, आणि हलक्या बोटानं समजूत काढली की परत यायची. ती समजूत काढणं गावात एकट्या स्तामातिसला जमायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीतरी इतरांपेक्षा चांगलं येत होतं, आणि बाकीची पोरं कामधाम सोडून त्याच्या खुर्चीमागे उभी राहून ते बघत होती. हे सुख ज्यानं चाखलं नाही त्यानं हसू नये.

हे सगळं चालायचं कीरा-एफ्तेर्पीच्या दुकानात. 'कीरा' म्हणजे आमच्याकडे काकू. दुकानाचं नाव 'आर्गो'. तिचा नवरा जहाजांवर वायरमन होता, तो झोपेतच गेला. मग तिनं होतं नव्हतं ते घालून जुन्या बाजारामागे कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. तिला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माऊसला ती 'तो किडा' म्हणायची आणि पुसताना उचलून हळूच बाजूला ठेवायची. पण तिच्या हातची थंड फ्रापे कॉफी दाट असायची, चीजची पाई सकाळीच भाजलेली असायची, आणि आतल्या खोलीतून तिचा आवाज यायचा, "शिव्या हळू, पाय खाली!" पोरं दोन्ही ऐकायची. दुपारी घरी जाऊन झोपायचं सोडून कीरा-एफ्तेर्पी दुकानातच बसायची. घरी कुणी नव्हतंच.

मग दोन हजार दोनचा उन्हाळा आला आणि त्याबरोबर तो कायदा. जुगाराची मशीनं 'खेळ' म्हणून कॅफेत लपवली जात होती, हे खरं. पण खेळ कुठला आणि जुगार कुठला हे सरकारला ओळखता येईना, तेव्हा त्यानं सार्वजनिक जागेतले सगळेच इलेक्ट्रॉनिक खेळ बंद करून टाकले. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. दुकानात गेम चालू सापडला तर मालकाला कैद आणि दुकानाला कुलूप. कीरा-एफ्तेर्पीनं दारावर कागद चिकटवला, 'इथे खेळ नाहीत. फक्त इंटरनेट.' आणि दुपारी सगळं गाव झोपलं की ती शटर अर्ध्यावर ओढायची आणि स्तामातिसला म्हणायची, "एकदाच हं. आवाज न करता." पोराला 'नाही' म्हणणं तिला जमायचं नाही, एवढंच.

सप्टेंबरातली ती दुपार अशीच होती. उकाडा मरणाचा, रस्त्यावर मांजरसुद्धा नाही. दुकानात तिघंच. स्तामातिस तिसऱ्या नंबरच्या कॉम्प्युटरवर, कोस्मास त्याच्या मागे, आणि काउंटरवर कीरा-एफ्तेर्पी दूध आटवल्यासारखी चमच्यानं कॉफी घोटत. स्तामातिस दीपस्तंभाच्या वळणावर होता. तेवढ्यात शटरखालून आधी दोन काळे बूट आले, मग निळी पँट, आणि मग वाकून आत आला तो एक पोलीस.

हा वाईओस. कार्दित्साकडचा, नुकताच बदलून आलेला. पन्नाशीचा, मानेवर उन्हानं भाजल्याचा लाल पट्टा. कुणीतरी पोलिसात फोन केला होता. कुणी ते आजतागायत कळलेलं नाही. गेम बंद करायला वेळच मिळाला नाही. पडद्यावर लाल गाडी ताडाच्या झाडावर आपटून वाफा सोडत उभी होती.

"काय चाललंय हे?" वाईओसनं विचारलं.

कोस्मास, ज्याची जीभ एरवी टाळ्याला लागत नाही, तो छताकडे बघू लागला. बोलली ती कीरा-एफ्तेर्पी. चमचा हातात तसाच.

"शिकवणी आहे, साहेब."

"कसली शिकवणी?"

"गाडीची. पोराला परवाना काढायचाय. आजकाल हे असं कॉम्प्युटरवर शिकवतात."

वाईओसनं पडद्याकडे पाहिलं. ताडाच्या झाडाकडे पाहिलं. मग स्तामातिसकडे.

"ही अशी शिकवतात?"

"पहिलाच दिवस आहे त्याचा," कीरा-एफ्तेर्पी म्हणाली. दारावरचा कागद सोडला तर बाई आयुष्यात खोटं बोलली नव्हती, आणि बोलली तर असं. त्यानंतर तिनं काउंटरची कड इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. स्तामातिसला ती बोटं दिसली आणि त्याच्या लक्षात आलं की आता सगळं आपल्यावर आहे. दुकान, आणि दुकानापेक्षाही ही बाई. संध्याकाळपर्यंत ती चौकीतल्या बाकावर बसलेली असेल, तीही आपल्या एका डावापायी.

वाईओसनं शेजारची खुर्ची ओढली आणि उलटी करून तिच्यावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "शिकवणी आहे ना? मग चालव. सुरुवातीपासून. मी बघतो. मला इंग्रजी येत नाही, पण गाडी कशी चालवतात ते येतं."

कोस्मासनं खोकल्याचं निमित्त करून स्पीकरची वायर पायानं ओढून काढली. ते एक बरं केलं, नाहीतर सुटण्याआधीचा गेममधल्या निवेदकाचा तो नरड्यातला आरडाओरडा ऐकून मेलेलासुद्धा उठून बसला असता.

स्तामातिसनं डाव पहिल्यापासून सुरू केला. चार गाड्या रेषेवर. समोर तोकड्या कपड्यातली एक बाई झेंडा घेऊन उभी.

"ही कोण?" वाईओस.

"परीक्षक," कोस्मास म्हणाला.

"बरं."

झेंडा खाली आला. बाकीच्या तीन गाड्या धूर सोडत अशा सुटल्या की क्षणात दिसेनाशा झाल्या. स्तामातिसनं आधी बाजूच्या आरशात पाहिल्यासारखी मान वळवली, मग एका बोटानं हलकेच बटण दाबलं. लाल गाडी, जी दोन वर्षांत कधी सावकाश निघाली नव्हती, ती लग्नाच्या वरातीतल्यासारखी निघाली.

"ते तिघं कुठं गेले?"

"ते अथेन्सचे, साहेब," कोस्मास म्हणाला.

वाईओसनं नाकातून आवाज काढला. हसला की संशय आला, ते कळलं नाही. पण अथेन्सच्या ड्रायव्हरबद्दल आमच्या थेस्सालीत कुणाला पुरावा लागत नाही.

काटा पन्नासवर. एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही. पण वरच्या कोपऱ्यातले आकडे पळत होते, आणि ते पळणाऱ्यांसाठी बनवलेले होते, रांगणाऱ्यांसाठी नव्हे. स्तामातिसनं मनातल्या मनात हिशोब मांडला. समुद्रकाठच्या मोठ्या रस्त्यानं या चालीनं पहिला टप्पा गाठायचा म्हणजे अर्ध्या वाटेतच आकडे संपणार. आणि मग पडदाभर ते दोन शब्द. इंग्रजी येत नसलेल्या हवालदारालाही कळणारे.

"वर ते आकडे कसले?" वाईओसनं नेमकं विचारलंच.

"तासिकेची वेळ, साहेब," कोस्मास म्हणाला. "शिकवणीला वेळ ठरलेली असते."

"आणि संपली की?"

काउंटरमागे कीरा-एफ्तेर्पीनं छातीवर क्रूसाची खूण केली.

मासळीबाजारामागून एक गल्ली जाते, हे स्तामातिसला माहीत होतं. पोरं तिच्या वाटेला जात नसत. अरुंद, दोन्ही बाजूंना मासळीच्या पेट्या, वेगात गेलं की आपटलंच. पण अंतर कमी. वेगवान माणसासाठी ती गल्ली म्हणजे मरण होतं, आणि सावकाश जाणाऱ्यासाठी वरदान. आजवर त्या शहरात सावकाश कुणी गेलंच नव्हतं, म्हणून हे कुणाला सुचलं नव्हतं. स्तामातिसनं डावीकडे वळण घेतलं. पेट्यांमधून गाडी सुईत दोरा ओवावा तशी काढली. एकाही पेटीला धक्का नाही.

"चांगला हात आहे," वाईओस म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदा थोडी ढील आली.

आणि गल्लीच्या तोंडाशी लाल दिवा होता.

स्तामातिसनं ब्रेक दाबला. दोन वर्षं तो या शहरात फिरत होता, त्याला इथली झाडं पाठ होती, भिंतीवरची जाहिरात पाठ होती, कुठल्या बाल्कनीत कपडे वाळत घातलेत ते पाठ होतं. पण इथं सिग्नल आहेत हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ताशी दोनशेनं जाणाऱ्याला दिवे दिसतात कुठं? आणि आता पांढऱ्या पट्ट्याअलीकडे गाडी उभी करून बसल्यावर त्याच्या मनात एक विचार आला.

हा दिवा हिरवा होतो का?

कुणाला माहीत? कुठलाच माणूस इथं थांबला नसणार. तो नुसता रंगवलेला असेल तर? ज्यानं कुणी हे शहर बनवलं, त्यानं शोभेसाठी खांब उभे केले असतील, लाल ठिपका काढला असेल आणि जेवायला निघून गेला असेल. रेसच्या गेममध्ये सिग्नल बदलायची यातायात कोण करतो? आणि बदलणारच नसेल, तर दिवा तोडून जायचं, पोलिसाच्या देखत? की इथंच बसायचं, आकडे शून्यावर येईपर्यंत?

आकडे पळत होते. आडव्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या. म्हणजे त्यांना हिरवा असेल, स्तामातिसनं स्वतःची समजूत घातली. मग लगेच वाटलं, किंवा त्या आपल्या कशाही जात असतील, इथल्यासारख्या.

"लांबलाय," वाईओस म्हणाला. त्यालाही आता घाई झाली होती. लाल दिव्यापुढे बसलेल्या कुठल्याही ग्रीक माणसाला होते तशी. "आमच्या कार्दित्साला स्टेशनसमोर असाच एक आहे. माणूस म्हातारा होतो."

कोस्मास स्तामातिसच्या खुर्चीची पाठ धरून उभा होता. कीरा-एफ्तेर्पी काउंटर सोडून पुढे आली होती. तिला पडद्यावरचं काही कळत नव्हतं. तिला फक्त पोराच्या मानेवरचा घाम दिसत होता. आकडे दहाच्या खाली आले. स्तामातिसचं बोट बटणावर होतं. तोडू? न तोडू? तोडलं तर खोटं उघडं, नाही तोडलं तरी उघडं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच असणार.

दिवा हिरवा झाला.

आजही हे सांगताना स्तामातिसचा आवाज बदलतो. सांगतोही तो मोजक्यांना, तेही त्सीपुरोचे, आमच्या द्राक्षांच्या दारूचे, दोन ग्लास झाल्यावर. तो म्हणतो, त्या क्षणी मला ते शहर बनवणाऱ्या माणसाचे हात धरावेसे वाटले, कुठल्या देशातला असेल तो असो. कुणी बघणार नाही, कुणी थांबणार नाही, हे ठाऊक असून त्यानं तो दिवा नीट केला होता. प्रेम म्हणतात ते आणखी काय असतं? भाच्यांच्या फोनवर नवा कुठलाही रेसचा गेम आला की स्तामातिस आधी गाडी सिग्नलला उभी करून बसतो. पोरं वैतागतात. "मामा, पळव ना!" बहुतेक गेममध्ये दिवा लालच राहतो. मग तो फोन परत देतो.

पण तेव्हा हा विचार करायला उसंत नव्हती. हिरवा होताच गाडी निघाली, चौक ओलांडला, आणि आकडा एकवर असताना पडद्यावर मोठी पिवळी अक्षरं आली. वाईओसनं डोळे बारीक करून एकेक अक्षर लावलं. "चेक... पॉइंट. म्हणजे काय?"

"तपासणी नाका!" कोस्मासला वाचा फुटली. "आता पुढं तुमचेच लोक असणार, साहेब."

बोलून गेला तो गमतीनं. पण पुढे खरोखरच पोलिसांची गाडी होती. दीपस्तंभाच्या अलीकडे, झाडामागे, अर्धी लपलेली. एरवी पोरं तिच्यासमोरून असा वेग घेऊन जायची की ती लगेच सायरन लावून मागे लागायची. आज पन्नासनं जाणाऱ्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ती आपली उभी होती, दुपारची झोप काढत असल्यासारखी. स्तामातिसचा श्वास आत्ता कुठं मोकळा झाला होता. हात सैल पडले होते, डोकं रिकामं. समोरून एक पांढरी गाडी भरधाव येत होती.

आणि त्याच्या बोटानं, त्याला न विचारता, दिव्यांचं बटण दोनदा दाबलं.

ते बटण खरं तर रात्रीच्या रस्त्यांसाठी होतं. पण आमच्याकडे पुढं पोलीस उभे दिसले की समोरून येणाऱ्याला दोनदा दिवे मारायचे असतात. सावध हो, हळू कर. ओळखीचा असो नसो. ज्याच्याशी जमिनीवरून तीन पिढ्यांचं वैर आहे त्यालासुद्धा. हे कुणी शिकवत नाही. बापाच्या शेजारच्या सीटवर बसून पोर ते आपोआप उचलतं.

वाईओस पडद्याकडे झुकला.

"थांबव," वाईओस म्हणाला.

स्तामातिसनं गाडी थांबवली.

"काय केलंस आत्ता?"

"काही नाही, साहेब."

"दिवे मारलेस. दोनदा. त्या पांढऱ्या गाडीला."

स्तामातिसनं बोट बटणावरून उचललं.

"का मारलेस?"

"सवय, साहेब."

"सवय!" वाईओस उभा राहिला. खुर्ची मागे पडली. "परवाना नाही, आजचा पहिला दिवस, आणि सवय? मी लारिसाच्या रस्त्यावर भर उन्हात उभा राहतो. ही मान बघ माझी, टोमॅटो झालाय तिचा. आणि समोरून येणारा एकेक जण पन्नासनं येतो, पट्टा बांधून, साधूसंतासारखं तोंड करून! मी बायकोला म्हणतो, अगं, या जिल्ह्यातले लोक किती गुणी! आणि ती हसते मला!"

"चुकलं, साहेब," स्तामातिस पुटपुटला.

"साहेब, लहान आहे तो," कीरा-एफ्तेर्पी मध्ये आली. तिनं स्तामातिसच्या खांद्यावर हात ठेवला होता. "काय असेल ते मला विचारा. दुकान माझं आहे. त्याला घरी जाऊ द्या."

वाईओसनं तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. तिथं लाल गाडी रस्त्याच्या कडेला गरीबासारखी उभी होती.

"मला एक सांगा," तो शेवटी म्हणाला, आणि आवाज उतरला होता. "खेळात पोलिसाला कोण घाबरतं?"

त्यानं खाली पडलेली खुर्ची उचलून सरळ केली.

"कुणी नाही. हा घाबरला. त्या बाहुल्याच्या गाडीतल्या पोलिसालाही घाबरला. म्हणजे हा खेळ नव्हे." त्यानं टोपी डोक्यावर चढवली. "शिकवणीच आहे. मी तसंच सांगेन."

तो दाराकडे गेला. शटरपाशी वाकण्याआधी थांबला. भिंतीवर दुकानाच्या ट्यूबलाइटचं बटण होतं. त्यानं ते बंद केलं, चालू केलं. पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. मग कुणाकडेही न बघता वाकून निघून गेला.

"याला काय झालं?" कीरा-एफ्तेर्पी म्हणाली. "बटण खराब आहे का?"

"बटण नाही, कीरा-एफ्तेर्पी," स्तामातिस म्हणाला. "त्यानं आपल्याला दिवे मारले. पुढं तपासणी आहे."

वाचलो म्हणून रडावं की येणार आहेत म्हणून रडावं हे कीरा-एफ्तेर्पीला कळेना, म्हणून ती दोन्हीसाठी एकदमच रडली. मग पदराला नाक पुसावं तसं एप्रनला पुसलं आणि म्हणाली, "काढून टाक ते. सगळ्यांतून. आत्ता."

"एकातच ठेवतो. लपवून. कुणाला सापडणार नाही."

"पोरा, मला तुझ्यासारखं चालवता येत नाही. मला पुन्हा असं उभं राहता येणार नाही."

एकेका कॉम्प्युटरपाशी जाऊन स्तामातिसनं गेम पुसला. कोस्मास मदतीला आला तर त्याला बाजूला केलं. तिसरा नंबर शेवटी ठेवला. त्यात सगळ्यांच्या वेळा नोंदलेल्या होत्या, वरची सगळी नावं त्याचीच. यंत्रानं विचारलं, नक्की का? त्यानं हो म्हटलं. सीडी कीरा-एफ्तेर्पीनं कोंबडी कापायच्या कात्रीनं कापली. एकोणीस वर्षांचा, सैन्यात जायला निघालेला घोडा दुकानाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. कोस्मास शेजारी बसला होता, त्याला टोमणा सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी लारिसाहून दोघं आले, बरोबर एक कॉम्प्युटरवाला. तो इंग्रजी फाडफाड वाचत होता. त्यानं प्रत्येक मशीन उघडून आतडी तपासावीत तसं तपासलं. काही सापडलं नाही. आर्गो वाचलं.

पुढे त्या कायद्याचे दात पडले, कोर्टकचेऱ्या झाल्या, लोक विसरले. पण ते पुढे. तोवर पोरं पांगली होती. इंटरनेट काय, ते हळूहळू घरोघरी येत होतं. परालीआसारखं दुसरं काही कीरा-एफ्तेर्पीला आणायचा धीर झाला नाही, आणि कुणी आणलं तर ती हात जोडायची. आठवड्यात एखादा विद्यार्थी यायचा, अर्जाचा कागद छापून घ्यायचा आणि जायचा. सकाळी चीजची पाई भाजलेली असायची, संध्याकाळी ती शेजारच्या कुत्र्याला जायची. स्तामातिस सैन्यात गेला. थ्रेसच्या सीमेवर त्याला ट्रक मिळाला, आणि सार्जंटनं विचारलं, कुठं शिकलास, तेव्हा त्यानं पहिल्यांदा म्हटलं, परालीआवर.

सुट्टीवर आला तेव्हा तो थेट जुन्या बाजारामागे गेला. शटर पूर्ण वर होतं. आतली टेबलं रस्त्यावर आणून ठेवलेली, कॉम्प्युटर कुणी भंगारवाला टेम्पोत चढवत होता. कीरा-एफ्तेर्पी दारात खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर हात ठेवून. ती खूप बारीक झाली होती. स्तामातिसनं तिच्या हाताचं चुंबन घेतलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

"एवढं वाचवलं होतं आपण त्या दिवशी, कीरा-एफ्तेर्पी."

तिनं त्याच्या केस कापलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"उगाच वाचवलंस रे," ती म्हणाली. "तुरुंगात गेले असते तर निदान तुम्ही पोरं भेटायला तरी आली असती."